कोंबड्या न खाण्याचं हमीपत्र

१७ मार्च २०१२, शनिवार

स्वयंपाक : बटाट्याचं सूप. माणसं : दोन.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं अशी वही लिहिली. तारीख, काय शिजवलं, किती जणांसाठी. गेल्या महिन्यात निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला कोऱ्या वह्यांचा एक गठ्ठाच भेट दिला. बहुधा दुसरं काही सुचलं नसावं. चारशे जणांचं सूप करणारा माणूस दोघांचं करायला बसला की सहा लिटर होतं.  गल्लीत कोणाकोणाकडे डबा पाठवता येईल ते माझ्या बायकोने, रोझानने, बोटांवर मोजलं.

काल मी अकरा वाजता उठलो. परवाही. पूर्वी पहाटे पावणेपाचला घर सोडायचो. आता उठायचं कशासाठी, हे मला कुणी सांगेल का?

आज कोंबड्या आल्या. नगरपालिकेची योजना आहे. ज्यांच्या घरामागे बाग आहे त्यांना तीन कोंबड्या फुकट. घरातलं उरलंसुरलं त्या खाणार, म्हणजे कचऱ्याच्या गाडीवरचा भार कमी. अर्ज रोझानने केला होता, मला न विचारता. "तुला काहीतरी उद्योग हवा," एवढंच म्हणाली.

आणायला गेलो तेव्हा टेबलामागच्या बाईंनी एक कागद पुढे केला. दोन वर्षं या कोंबड्या कापून खाणार नाही, विकणार नाही, कुणाला देणार नाही, असं हमीपत्र.

"आणि दोन वर्षांनंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर तुम्ही आणि तुमचं मन," बाई म्हणाल्या.

मी सही केली. म्हणजे १७ मार्च २०१४. ही तारीख लक्षात ठेवायची. माझं वॉटरझोई खायला मिळावं म्हणून लोक मुद्दाम आजारी पडतात, असं रुग्णालयात म्हणायचे. साय, भाज्या आणि कोवळी कोंबडी घातलेलं दाट सूप, बस. त्याच वर्षी हे घर विकून मिडेलकेर्केला समुद्रासमोर फ्लॅट घ्यायचा, हे लग्नापासून ठरलेलं आहे. आधी वॉटरझोई, मग समुद्र.

२५ मार्च २०१२

नावं ठेवायची नाहीत, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जे पातेल्यात जाणार त्याला नाव कशाला? एक, दोन, तीन पुरे. रोझानने मान डोलावली, आणि आज खिडकीतून ऐकतो तर ती सोलांज, इर्मा आणि पाउला अशा हाका मारतेय. ही तिच्या तीन मावश्यांची नावं.

"मावश्यांना कळलं तर?" मी म्हणालो.

"दोघी वारल्या, आणि तिसरीला ऐकू येत नाही."

मी मात्र एक, दोन, तीनच म्हणणार.

१९ एप्रिल २०१२

पहिलं अंडं. तीन नंबरने घातलं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं. एवढंसं, फिकट तपकिरी, हातात घेतलं तर गरम. रुग्णालयात आठवड्याला दोन हजार अंडी फोडली असतील मी, पण गरम अंडं आयुष्यात कधी हातात घेतलं नव्हतं. सगळी शीतगृहातून यायची.

उकडून दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. अर्ध्या अंड्यासाठी टेबलावर कापड अंथरलं रोझानने. तिची अक्कल कधीकधी कुठे जाते कळत नाही.

९ ऑगस्ट २०१२

स्वयंपाक : मॅकरोनी, गाजर, मटाराची उसळ, शिवाय उकडलेले बटाटे. माणसं : दोन.

आज मेव्हणा कामिएल आला होता. रोझानचा धाकटा भाऊ. याला तोंड आवरता येत नाही. मी बटाटे सोलत होतो, तो बघत राहिला.

"काय आचारीबुवा, साल काढतोयस की बटाटा काढतोयस? अर्धा बटाटा सालीबरोबर चाललाय."

"पातळ सालीत काय पोट भरणार त्यांचं?"

"आणि एवढी मॅकरोनी कुणासाठी?"

"उरलं पाहिजे ना काहीतरी!" मी म्हणालो. "आम्ही दोघं ताट चाटूनपुसून खातो. मग कोंबड्यांना उरलंसुरलं द्यायचं कुठून?"

कामिएल हसत सुटला ते खोकला येईपर्यंत. उरलेलं खायला कोंबड्या आणल्या, आणि आता कोंबड्यांसाठी उरवतोय, असं त्याचं म्हणणं. त्याला स्वयंपाकातलं काही कळत नाही. मॅकरोनीत मीठ घातलं नव्हतं, ते कोंबड्यांना चालत नाही. मीठ न घालता चव आणण्यात माझं आयुष्य गेलं, त्याचा आता उपयोग होतोय. इर्माला मटार फारच आवडतात.

(दोन नंबरला.)

२० जानेवारी २०१३

मोठी थंडी. पाण्याचं भांडं रात्रीत गोठतं. म्हणून साडेपाचला उठतो, किटलीभर गरम पाणी घेऊन मागे जातो, बर्फ वितळवतो, खुराड्याचं दार उघडतो. सोलांज आधी एक पाय बाहेर काढते, बर्फावर टेकवते, माझ्याकडे बघते आणि परत आत. जसं काही हे हवामान मीच शिजवलंय.

मी आत येतो तोवर रोझानही उठलेली असते. कॉफी होते. अंडी उकडतात. बाहेर उजाडेपर्यंत आम्ही बसून असतो. एकोणचाळीस वर्षं संसार झाला आणि मला माहीत नव्हतं, की ही अंड्याचं टोक चमच्याने फोडत नाही, सुरीने एका फटक्यात उडवते. आणि खाताना गुणगुणते. कसलं गाणं ते विचारलं तर म्हणाली, "मी गुणगुणते?"

बिनमिठाच्या रुग्णांचं, बॉयलरचं, तिच्या कापडदुकानातल्या दिवसांचं, काय काय बोलणं निघतं. कोंबड्यांचा उपद्वाप नसता तर एवढ्या थंडीत कोण उठलं असतं!

१७ मार्च २०१४, सोमवार

स्वयंपाक : वॉटरझोई. माणसं : तीन.

आज मुदत संपली. कामिएलला दोन वर्षांपूर्वीच आमंत्रण दिलं होतं. तो नेमका ते विसरला नाही. गळ्यात रुमाल बांधून साडेबारालाच टेबलाशी हजर.

आता वस्तुस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. इर्मा आठ दिवसांपासून खुडूक होऊन बसली आहे. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला कापणं कोणत्याही स्वयंपाकघराच्या नियमात बसत नाही. सोलांज रोज अंडं देते, म्हणजे ती कामावर आहे. उरली पाउला. तिच्या एकटीच्या अंगावर मांस ते किती? तिघांना पुरणार नाही. शिवाय तिची तब्येत मला दोन दिवस बरी वाटत नाहीये. तिने काल शेवाळी रंगाचं काहीतरी केलं.

तेव्हा मी माशाचं वॉटरझोई केलं. मुळात हा पदार्थ माशाचाच होता, कोंबडी नंतर घुसली. कुठल्याही जुन्या स्वयंपाक्याला विचारा.

कामिएलने चमचा फिरवून फिरवून तळ शोधला. "आचारीबुवा, ही कोंबडी पोहत होती वाटतं?"

"परंपरा आहे ती," मी म्हणालो.

"ओडिल म्हणतो ते बरोबर आहे," रोझान म्हणाली आणि तिने दोनदा वाढून घेतलं. या बाबतीत ती माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं नव्हतं. तिला मासे आवडत असावेत.

शरद ऋतूत बघू.

६ मे २०१४

आज घरांचा दलाल येऊन गेला. समुद्राचं आता मनावर घ्यायला हवं. स्वयंपाकघरात रोझानने लावलेलं कॅलेंडर आहे, बारा महिने बारा लाटा, आणि दर रविवारी ती म्हणते, "आज समुद्रावर छान हवा असेल." बिचारीने चाळीस वर्षं वाट पाहिली आहे.

दलालाला सगळं घर दाखवलं, तळघर सोडून. तळघराची किल्लीच सापडेना. रोझानने सगळे खण उपसले. तळघर न पाहता किंमत सांगता येणार नाही, म्हणून तो गेला. संध्याकाळी किल्ली तिच्याच एप्रनच्या खिशात निघाली. हल्ली ती विसरते. डॉक्टरांना विचारायला हवं.

दलालाने किंमत सांगितली असती तरी मी जरा वाढवूनच मागणार होतो. घाई कसली आहे?

१४ सप्टेंबर २०१४

एक जोडपं घर बघायला आलं. बाई बागेवर खूष होती. खुराड्याच्या जागी मोठी ट्रॅम्पोलिन ठेवता येईल, असं ती नवऱ्याला सांगत होती. मला ती पहिल्यापासूनच उथळ वाटली. मी त्यांना चर्चच्या घंटांबद्दल सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी वाजतात म्हणून. (तासालाच वाजतात. पण वाऱ्याची दिशा तशी असेल तर जास्त वाटतात.)

त्यांचा विचार तरीही पक्का होत होता, इतक्यात रोझान स्वतःहून म्हणाली, "हिवाळ्यात तळघराच्या भिंतीला ओल येते हो, आधीच सांगितलेलं बरं." इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही. तिचं समुद्राचं स्वप्न तिच्याच प्रामाणिकपणामुळे लांबलं, म्हणून मला वाईट वाटलं. तिला रात्री आवडीचं पुडिंग करून दिलं. सहा अंड्यांचं.

२ जून २०१५

मिडेलकेर्केला जाऊन फ्लॅट पाहिला. चौथा मजला, पुढे नुसतं पाणी. माझ्या मते उत्तम होता. अगदी तसं तोंडावर म्हणालोही, आणि लगेच परतीच्या गाडीची वेळ बघितली. रोझानने लिफ्ट लहान आहे म्हटलं, न्हाणीघराच्या फरशीचा हिरवा रंग आवडला नाही म्हटलं, वारा फार आहे म्हटलं. समुद्रावर वारा! हिला सर्वांत उत्तम तेच हवं आहे, मधलंअधलं नको. एवढी वर्षं वाट पाहिल्यावर माणूस चोखंदळ होणारच.

चारच्या गाडीने परत निघालो. अंधाराआधी खुराडं बंद करायला घरी पोचायला हवं होतं. गाडी गाठायची तीच जास्त घाई करत होती.

११ फेब्रुवारी २०१६

इर्मा गेली.

काल खांदे पाडून बसली होती. मटार सोलून हातावर ठेवले, तिने नुसते बघितले. बाजाराच्या पिशवीत जुना स्वेटर घालून तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथल्या मुलीने नाव विचारलं. "ओडिल फरमांडर," मी म्हणालो. "तुमचं नाही, पेशंटचं." "इर्मा," मी म्हणालो. तिने कार्डावर इर्मा फरमांडर असं लिहिलं. मला ते चुकीचं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, वय आहे, पोटात पाणी झालंय, घरी न्या, उबेत ठेवा. रात्री चुलीशेजारी खोक्यात ठेवली. सकाळी उठलो तर रोझान जमिनीवर खोक्यापाशी बसलेली होती, हात आत. म्हणाली, "आत्ताच गेली. त्रास नाही झाला तिला."

नाशपातीच्या झाडाखाली पुरली. खड्डा करताना मी रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. आयुष्यात मी किती कोंबड्या साफ केल्या असतील त्याला गणती नाही, आणि त्यातल्या एकीचंही तोंड मला आठवत नाही. इर्माचं आठवतं. चार वर्षं तिने माझ्या हातचं बिनमिठाचं खाल्लं आणि एकदाही नाक मुरडलं नाही. असं गिऱ्हाईक मला मिळालं, हे माझं नशीब.

३ सप्टेंबर २०१७

कामिएलशी भांडण झालं. म्हणजे तो भांडला, मी ऐकलं.

रोझान बागेत होती. त्याने दार लावलं आणि म्हणाला, "ओडिल, आज आचारीबुवा नाही, सरळ ओडिल म्हणतोय. माझी बहीण लग्नापासून समुद्राचं नाव घेतेय. कॅलेंडर बघ तिचं. आणि तू काय करतोस? गिऱ्हाईक आलं की किंमत वाढव, घंटा मोज, उंदीर दिसतात म्हणून सांग."

"उंदीर एकदाच सांगितले."

"दोन म्हाताऱ्या कोंबड्यांसाठी तू तिला इथे अडकवून ठेवलंयस. ती बोलायची नाही. ती कधीच बोलली नाही. पासष्टीची झाली ती. अजून किती वर्षं आहेत तिच्याकडे, सांग ना!"

  शरद ऋतूत बघू, थंडी संपू दे, पिसं झडताहेत, खुडूक आहे. पाच वर्षांच्या या वह्या आज चाळल्या, पानोपानी माझीच निमित्तं. कोंबड्या मला सोडवत नाहीत, ही साधी गोष्ट मी एकदाही लिहिलेली नाही. आज लिहितो. सोलांज आणि पाउला मला सोडवत नाहीत. आणि तरीही रोझानला तिचा समुद्र मिळाला पाहिजे.

२४ सप्टेंबर २०१७

घर विकलं जातंय. नवं जोडपं चांगलं आहे, घंटांबद्दल मी तोंड उघडलं नाही. रोझानने ओलीचं सांगितलंच, दोनदा. पण मुलगा गवंडीकाम करतो. म्हणाला, ओल मी काढीन. त्यावर तिचा चेहरा एकदम पडला. कदाचित तिला वाटलं असेल, इतकी वर्षं आपण का नाही काढली.

फ्लॅटही ठरला, तोच चौथा मजला. दोन वर्षं रिकामा होता. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला नक्की हवंय ना, ओडिल?" मी हसून म्हणालो, "हवं म्हणजे काय!" इतकं खोटं हसू मी मोठ्या डॉक्टरांपुढेही कधी हसलो नव्हतो.

कोंबड्या कामिएलकडे जाणार. मी एक कागद लिहून नेला. कापून खाणार नाही, विकणार नाही, कुणाला देणार नाही. मुदत : त्या जगतील तोवर. मला वाटलं तो आता सुपावरून काहीतरी बोलेल. त्याने चष्मा लावला, सगळं वाचलं, सही केली आणि विचारलं, "मटार कोवळे लागतात का जून चालतात?" मी त्याला मिठी मारली. आमच्यात तसली पद्धत नाही.

१३ ऑक्टोबर २०१७, शुक्रवार

स्वयंपाक काही नाही. पाव, चीज, आणि हे सगळं.

चार वाजता नोटरीसाहेबांकडे करारावर सह्या करायच्या होत्या. नवं जोडपं आधीच येऊन बसलं होतं. नोटरीसाहेब प्रथेप्रमाणे सगळा मसुदा मोठ्याने वाचू लागले. घर, तळघर, बाग, बागेतलं नाशपातीचं झाड, बागेतलं लाकडी खुराडं. मी टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसलो होतो. एकदाची सही होऊ दे, असं मनात म्हणत होतो.

त्यांनी पेन रोझानपुढे ठेवलं. तिने उचललं. मग खाली ठेवलं.

"माफ करा," ती म्हणाली. "मला नाही करायची सही."

"बाईसाहेब, काही चूक आहे का मजकुरात?"

"नाही हो. मजकूर छान आहे तुमचा." मग त्या पोरांकडे वळून म्हणाली, "बाळांनो, फार वाईट वागतेय मी. पण मी माझं घर विकत नाहीये."

मुलीचे डोळे भरून आले. तिच्याकडे बघवेना. मी काय काय माफी मागितली आठवत नाही. नोटरीसाहेबांनी कागद गोळा केले आणि घड्याळाकडे पाहिलं.

गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तळघराची किल्ली माझ्या खिशातच होती," ती समोर बघत म्हणाली. "त्या दिवशी. पहिल्यापासून."

"रोझान..."

"आणि ओल एवढी काही येत नाही. तुला माहितीये ती."

"म्हणजे तुलाही कोंबड्या सोडवत नाहीत?" मी म्हणालो, आणि मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. "अगं मग बोलायचं नाही का? मी मारे त्या घंटा मोजत बसलो! समुद्र, समुद्र म्हणून पाच वर्षं माझा जीव..."

"कोंबड्यांचं नाही रे," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचंही आहे. पण तेवढंच नाही."

तिने दुसऱ्या हाताने कोटाचं वरचं बटण काढलं. 

"अडतीस वर्षं तू पहाटे उठून गेलास," ती म्हणाली. "परत यायचास तेव्हा अंगाला दुसऱ्यांच्या सुपाचा वास. जेवायचास आणि झोपायचास. म्हणून मी समुद्र म्हणायचे. तिथे गेलो की तू माझा असशील, असं वाटायचं मला. मग तू निवृत्त झालास आणि अकरा अकरापर्यंत झोपायला लागलास, तेव्हा मी घाबरले. म्हटलं, हा समुद्रावरही असाच भिंतीकडे तोंड करून झोपेल, आणि मी चौथ्या मजल्यावर एकटी लाटा मोजेन. म्हणून तो अर्ज केला. आणि तू उठायला लागलास. रोज माझ्याबरोबर टेबलाशी बसायला लागलास. साडेपाच वर्षं, ओडिल. मला जे हवं होतं ते इथेच मिळालं. ते मी नाही विकणार."

गाडीच्या काचेवर आमच्या श्वासाची वाफ धरली होती. तिला मिळालं, असं ती म्हणत होती. आणि मला काय मिळालं ते मला या वहीत कधी नीट लिहिताही आलं नाही. मी फक्त कोंबड्यांबद्दल लिहीत राहिलो.

"तिथेही उठलो असतो मी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्याशी आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"नसतो उठलो," मी म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली आणि माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "काढ गाडी. अंधार पडायला आला, त्या दारात ताटकळत असतील."